वायूचं पेव

१८ जानेवारी १९९३

चि. विठ्ठल,

रागात असशीन तरी आशीर्वाद घे. मोठ्या बहिनीचा आशीर्वाद वापस करता येत नाई.

केशवराव गुरुजी मीटिंगसाठी हैदराबादले येऊन राह्यले, त्यायच्या हाती तिळाचे लाडू पाठवले हायेत. शाळेतला मानूस हाय, रस्त्यात खानार नाई असं वाटते. तू यंदाही भाऊबीजेले आला नाईस. तीन सालं झाली. मी दर साली पाट मांडते, निरांजन लावते, वाट पाह्यते आन् मंग शेजारच्या डोमाजीले ओवाळते. तो ओवाळून घेते, पोटभर जेवते आन् वरतून म्हनते, "बाई, विठ्ठल नाई आला तेच बरं झालं." लाज नाई मेल्याले.

तू म्हनशीन, बाई, चूक भाऊजीची होती. मी कोनाची चूक म्हनत नाई. पन माळावरच्या कामाच्या सभेत, महसुलाच्या एमआरओ साहेबासमोर, साऱ्या गावासमोर तू ह्यायले म्हनलास, "भाऊजी, तुम्ही अडाणी आहात, तुम्हाला यातलं काय कळणार?" जवायाले असं बोलतेत का कोनी? त्या दिवसापासून ह्या घरात तुहं नाव निघालं की हे ताटावरून उठतात. म्हनून मी तुहं नाव जेवन झाल्यावर काढते.

नाल्याच्या पल्याड माळावर तुहं काम जोरात चालू हाय. कुंपन झालं, शेड झाली. पावसाळ्यापासून ट्रकनं लाल लाल टाक्या येऊन राह्यल्या आन् वायू जमिनीत जाऊन राह्यला. तू तवा पारावर बसून सांगतलं होतं ते माह्या ध्यानात हाय. कारखान्यात फुकट जानारा वायू आनायचा, खालच्या वाळूच्या दगडात भरायचा, वरतून चिकन दगडाचं झाकन देवानंच देलं हाय, आन् उन्हाळ्यात करंट गेला की तो वायू काढून करंट बनवायचा. "आपल्या ज्वारीचं पेव असतं ना बाई, तसं वायूचं पेव." एवढी एक गोष्ट तुही मले पुरी समजली. पेव मले समजते. आपल्या बापाले पेवानंच नेलं.

आता कामाचं. मारुतीपुढची गावाची विहीर तुले आठवत असन. भागाबाईची कालवड पडून मेली तवा पंचायतीनं विहिरीवर सिमेंटची पाटी टाकली, वर हातपंप बसवला आन् मधात मानूस उतरन एवढं लोखंडी झाकन ठेवलं. महिना झाला, सकाळी झाकन उचललं की फुस्स करते. खाली पान्यात बुडबुडे येतात, भात शिजते तसे. वास काहीच नाई. तू शिकलेला हाय म्हनून इचारते, हे काय असन?

ह्यायले काही बोलली नाई. तू पन त्यायच्या नावानं पत्र लिहू नोको.

तुही बाई,
देवका


१४ फेब्रुवारी १९९३

विठ्ठला,

तुहं पत्र भेटलं. हापिसच्या कागदावर, टाइप केलेलं. "सौ. देवकाबाई यांस." मले पह्यले वाटलं कोनाची नोटीस आली. ज्याचं नाक माह्या पदरानं पुसलं तो मले "यांस" लिहून राह्यला! वाचता वाचता हसू आलं आन् मंग रडू आलं. खरं सांगते.

तू लिहितेस, "विहिरीतील बुडबुडे कुजलेल्या पाल्यामुळे येतात, काळजीचे कारण नाही. उतरण्यापूर्वी नेहमीप्रमाणे कंदील सोडून पाहावा." बापा, पाला कुजला की घान येते. आपल्या गावच्या बाईले पाल्याची घान तू हैदराबादेतून शिकवू नोको. ह्याले वासच नाई.

आन् ऐक पुढचं. गेल्या सोमवारी डोमाजी सकाळी पाटीवर बसला होता. झाकन थोडं सरकवलेलं होतं. त्यानं बिडी तोंडात धरली आन् काडी ओढली. भप्पकन आवाज झाला. जाळ कोनाले दिसला नाई, ऊन होतं. पन डोमाजी बोंबलत उठला तर त्याची अर्धी मिशी करपलेली आन् भिवया साफ! दिसत नाई पन जाळते, असा कोन्ता जाळ असते विठ्ठला? आपल्या चुलीचा तर दिसते.

तू हासशीन म्हनून आधीच सांगते, पह्यले मीही हासली. डोमाजी आता अर्धी मिशी घेऊन फिरते आन् पोट्टे त्याच्या मांगं. पन गाव काही हासत नाई. गाव म्हनते, मारुतीसमोर बिडी पेटवली म्हनून देवाचा कोप झाला. आता बायका झाकनावर उदबत्त्या खोचून राह्यल्या, कापूर लावाचं म्हनून राह्यल्या. मी दोनदा उदबत्त्या उचलून नाल्यात फेकल्या तर मलेच म्हनतात, देवकाबाई नास्तिक झाली, भावावर गेली.

मी झाकन गच्च लावून वरतून ओलं पोतं टाकते. पन मी दिवसभर थोडीच तिथं बसून राह्यनार?

मले एकच सांग. तुह्या पेवातला वायू पेटते का? हो का नाई. टाइप करू नोको, हातानं लिही.

देवका


२ मार्च १९९३

विठ्ठला,

उत्तर नाई. म्हनजे पेटते.

मी काल माळावर गेली होती. तुह्या शेडवर आपला लक्ष्मनराव चौकीदार हाय, माहा चुलत दीर लागते. त्याले चहाच्या निमित्तानं बोलतं केलं. तो म्हने, "वहिनी, वायू भरला की घड्याळाचा काटा वर चढते, आन् मंग हप्त्याभरात आपोआप उतरते. साहेब लोक एकमेकावर ओरडतात. म्हनतात, घड्याळ खराब हाय. तीनदा घड्याळ बदललं." विठ्ठला, तिकडे तुहा काटा उतरून राह्यला आन् इकडे माही विहीर फुस्स करून राह्यली. हे समजाले कालेज लागते का?

आता मी तुले जे सांगून राह्यली ते सांगू नोको म्हनून ह्यायनं मले मारुतीची शप्पथ घातली होती. मारुती मले माफ करन. त्याले बहीन नव्हती, पन भावा-बहिनीचं त्याले समजते.

शहाऐंशीच्या दुष्काळात विहीर आटली तवा तिच्या तळाले बोर मारला होता. तू तवा शिकाले बाहेर होतास. खूप खोल गेला, पानी लागलं नाई. मंग ह्यायनंच बाभळीचा खुंटा तासून, पोत्याचं गुंडाळून तो ठोकून बंद केला. पुढच्या पावसाळ्यात विहीर भरली आन् बोर पान्याखाली, गाळाखाली गेला. गाव इसरून गेलं.

तुह्ये सर्वेचे पोट्टे आले तवा पंचायतीनं ह्यायलेच संग देलं, कारन गावातला एकेक खड्डा ह्यायले ठावा हाय. "सगळे बोर दाखवा" म्हनले. ह्यायनं सगळे दाखवले. तो एक सोडून. घरी येऊन पाय धुतले आन् मले म्हनले, "मी तर अडानी मानूस. साहेबाले पाताळातलं दिसते. त्याचं त्यानं शोधावं."

मले वाटलं, राग हाय, जाईन. ह्याच्यात कोनाच्या जिवाचं काही हाय असं तवा कोनाले सुचलं? ह्यायले पन नाई. ते वाईट मानूस नाईत, विठ्ठला. सुंभ जळला तरी पीळ जात नाई, एवढंच. आन् तुहा पीळ काही कमी हाय का? दोघायच्या मधात मी दळून राह्यली.

तूच म्हनला होतास, पेवाले दुसरं तोंड नसावं, नाई तर सारं धान्य जाते. तुह्या पेवाले दुसरं तोंड हाय आन् ते आमच्या पिन्याच्या पान्यात उघडलं हाय. बाभळीचा खुंटा किती दिवस टिकन?

आता मले ज्याची धास्ती लागली ते ऐक. मारुतीच्या जन्माच्या भंडाऱ्याआधी दर साली विहिरीचा गाळ काढतात. उतरनारा कोन? तुह्ये भाऊजी. आन् उतरायच्या आधी काय करनार? दिवा सोडनार. झाकन उघडून, बंद विहिरीत, पेटता कंदील.

येजो. पत्र नोको, तूच ये.

देवका


२१ मार्च १९९३

विठ्ठला,

ह्या वेळी हातानं लिहिलंस. अक्षर अजून बापासारखंच हाय.

पन काय लिहिलंस! "बाई, हे आधी का सांगितलं नाही? एप्रिलच्या तीन तारखेला दिल्लीचे साहेब काम तपासायला, मुआयन्याला येत आहेत. तोपर्यंत कुणाजवळ बोलू नकोस. माझं सगळं आयुष्य या कामात आहे. मुआयना होऊ दे, मग मी स्वतः येऊन बोर बंद करतो." म्हनजे तुले समजलं. पुरं समजलं. आन् तरी गप्प राह्य म्हनतेस.

तुहं आयुष्य हाय, मले ठावं हाय. अरे, दिव्याखाली अभ्यास करनाऱ्या त्या पोट्ट्याले मी पाह्यलं हाय, तू मले काय सांगतेस? तुहं काम बुडावं असं मले सपनात वाटत नाई. पन कोंबडं झाकलं म्हनून उजाडाचं राह्यते का?

मी ह्यायले सारं सांगतलं. जेवन झाल्यावर, पान लावून देऊन सांगतलं. गाळ काढाले उतरताना दिवा सोडू नोका, विहिरीत जळनारा वायू हाय, झाकन दोन-चार दिवस उघडं ठेवा, जवळ काडी ओढू नोका. शब्दान् शब्द तुह्या पुस्तकासारखा.

तर म्हनतात, "तुह्या बापानं दिवा सोडला नाई म्हनून तो पेवातून वर आला नाई. आन् तू मले म्हनते, बिनदिव्याचं उतर?"

मी म्हनलं, "ते हवा कोंडलेली होती, हे येगळं हाय."

"दिवा विझला तर हवा वाईट. दिवा जळला तर हवा चांगली. आन् तू म्हनते, दिवा लय जोरात जळन म्हनून हवा वाईट! कोनी शिकवलं तुले हे? दिवा मानूस वाचवते देवका, मारत नाई."

आता ह्याच्यावर मी काय बोलू? सांग ना. लहानपनापासून आपन हेच शिकलो. बाप गेल्यावर पेव उघडलं की कंदील सोडाचं काम तुहं होतं. दोरी हातात धरून, ओठ मिटून तू खाली वाकायचास आन् मंग ओरडायचास, "जळते, बाई, जळते!" मंगच कोनी उतरे. आज मी म्हनते जळते म्हनून उतरू नोका, तर कोन ऐकन माहं?

शेवटी म्हनाले, "तुहा भाऊ खरं बोलत असन तर त्याले इथं येऊन साऱ्या गावासमोर, साहेबायसमोर सांगू दे. त्याच्या तोंडानं. तवा मानीन."

आन् गाळ काढाचा दिवस कोन्ता ठरवला ठावं हाय? तीन तारीख. मुआयन्याचाच. लक्ष्मनरावाकडून ऐकलं आन् मुद्दाम ठरवला. मी गावात चार बायायले सांगतलं, दोन मानसायले सांगतलं. हासले. डोमाजी तेवढा हासला नाई. तो मिशीवर हात फिरवून उठून गेला.

इकडे हे रुसलेले, तिकडे तू भ्यालेला, आन् मधात पेटता कंदील. मले रातचा डोळा लागत नाई.

देवका


३० मार्च १९९३

केशवराव गुरुजीनं आदिलाबादेतून तार केली, भेटली असन. मी लय सांगतलं होतं, त्यायनं फक्त "ताबडतोब ये" लिहिलं. म्हने, तारेत एवढंच लिहितात.

ह्यायनं आज शिडीचा दोर तपासला. कंदिलाची काच राखेनं घासली, वात कापली, नवं घासलेट भरलं. असं जीव लावून केलं जसं देवाचं करतात. मी पाह्यत होती. घरचा कंदील मी काल लपवला होता तर डोमाजीच्या घरून दुसरा आनला.

विठ्ठला, मी तीन तारखेले त्या झाकनावर बसनार हाय. मले उचलल्याशिवाय ते उघडनार नाई. उचलाले कोन येते ते पाह्यते.

दिवा सोडला तर तुह्ये भाऊजी वाकलेले राह्यतीन, त्यायच्या मांगं दोरी धरून चार पोट्टे राह्यतीन, आन् सारं गाव पाटीभोवती राह्यन. बाकी तुले लिहाची गरज नाई. तू शिकलेला हायस.

देवका


१७ एप्रिल १९९३

माह्या विठ्ठला,

त्या दिवशी तू जीपमधून गेलास तो घरात पाय न टाकता गेलास. मी भाकरी टाकून ठेवल्या होत्या. तुह्यासमोर काय घडलं ते तुले ठावं हाय, तरी मी लिहून राह्यली, काऊन की तू सारा वेळ खाली मान घालून होतास. तुले लोकायचे चेहरे दिसले नाईत. मले दिसले.

मी सकाळपासून झाकनावर बसली होती. तुरीची दाळ निवडाले घेतली होती, म्हनजे रिकामी दिसू नये. लोकं जमले. आधी हासले, मंग चिडले. सोजरबाई म्हने, अंगात आलं का? हे कंदील पेटवून समोर उभे. सात जन्माची बायको समजून ओरडत नव्हते, दात खाऊन हळू हळू म्हनत होते, "देवका, ऊठ. गावासमोर माही लाज काढू नोको." मी म्हनलं, "लाज वापस येते, मानूस येत नाई." मले सारखं त्या कंदिलाचंच भ्याव. पाटीच्या फटीतून येत असन तर? मी पदर फटीवर दाबून बसली होती.

तेवढ्यात तुमच्या जीपा आल्या. तू उतरलास, मंग ते दिल्लीचे मोठे साहेब, गोरे, चष्म्याचे. गर्दी पाहून माळावर जायच्या ऐवजी इकडेच वळले. तुहा चेहरा तवाच उतरला होता. साहेबानं इचारलं, "क्या हो रहा है?" केशवराव गुरुजीनं मोठ्या हौसेनं सांगतलं, हमारे यहाँ उतरने से पहले दिया छोड़ के देखते हैं. साहेब खुश! "वाह, बहुत अच्छा रिवाज है. हम भी देखेंगे." आन् चांगले पुढं येऊन उभे राह्यले. जवळ. आता तर सारे मिळूनच जानार.

मी तुह्याकडे पाह्यलं. तू काही बोलशीन म्हनून पाह्यलं. तू रुमालानं तोंड पुसत होतास. खरं सांगते विठ्ठला, त्या घडीले मले तुहा एवढा राग आला का, तू लहान असतास तर मी तिथंच कानाखाली वाजवली असती.

म्हनून उठली. ह्यायच्या हातातून कंदील घेतला आन् तुह्या हातात देला. म्हनलं, "पेवात कंदील सोडाचं काम तुहंच होतं. ये. मी झाकन उघडते, तू सोड."

लोकायले वाटलं, भावाचा मान केला. दोघं-चौघायनं मान पन हलवली. तुले समजलं, मी काय केलं ते. मी खाली वाकून झाकनाच्या कडीत हात घातला. उघडनार होती का, असं तू मनात इचारलं असशीन. मले अजून ठावं नाई. पन मी तिथून हटनार नव्हती. जे झालं असतं ते दोघायचं झालं असतं.

तुहा श्वास ऐकू येत होता. तू कंदील डोळ्यासमोर धरलास, जसा लहानपनी धरायचास, ओठ मिटून. आन् तू काच वर केलीस आन् दिवा फुंकलास.

आता हे ऐक, हे तू पाह्यलं नाईस. पह्यले कोनाले काही समजलं नाई. मंग मी ह्यायच्याकडे पाह्यलं. हे तुह्याकडे एकटक पाहून राह्यले होते. तीन सालात पह्यल्यांदा. त्यायले समजलं. ज्याच्या बापाले पेवानं नेलं तो पोट्टा दिवा उगाच फुंकनार नाई, हे ह्यायच्याएवढं कोनाले समजते? हे पुढं झाले आन् साऱ्यायले ऐकू जाईन असं म्हनले, "दिवा विझला. आज कोनी उतरायचं नाई."

बस. त्याच्यापुढं आपल्या गावात कोनी बोलत नाई. दोर धरनाऱ्या पोट्ट्यायनं दोर खाली ठेवला. सोजरबाई मांगं सरकली. दिवा कसा विझला, कोनी विझवला, कोनी इचारलं नाई. विझला म्हनजे विझला.

तिथं तू गप्प राह्यला असतास तरी चाललं असतं. ह्यायनं तुले वाट करून देली होती. साहेब तर हासत होते, "हवा से बुझ गया?" तू हो म्हनला असतास तर ते माळावर गेले असते, तुहं काम पास झालं असतं, आन् मंग रातून येऊन तू बोर बुजवला असतास. मले वाटलं, असंच करशीन. मी त्याच्यावरही खुश झाली असती. आपला मानूस वाचला, बस.

पन तू म्हनलास, "नहीं साहब. मैंने बुझाया. नीचे हमारी गैस है." आन् मंग मराठीत, आपल्या लोकायकडे वळून, "गॅस आमची आहे. चूक आमची आहे. कोणी जवळ विस्तव आणू नका." तुही मान खाली होती. तू मान वर केली असती तर तुले डोमाजी दिसला असता. तो आपल्या अर्ध्या मिशीवर हात ठेवून साऱ्यायले म्हनत होता, "मी काय म्हनत होतो? मी काय म्हनत होतो?" मेल्यानं कधी काही म्हनलं नव्हतं.

त्याच्यानंतरचं तुले ठावं नसन. तुमच्या लोकायनं वायू हुंगनारी डबी आनली, ती फटीजवळ नेल्याबरोबर टीं टीं कराले लागली. साहेबाचं हासू गेलं. दूर दूर साऱ्यायले उभं केलं, झाकन काढून टाकलं. भंडाऱ्याले पानी टँकरनं आलं. माळावरचं काम बंद हाय, टाक्या वापस गेल्या, खालचा वायू नळीवाटे सोडून राह्यले. लक्ष्मनराव म्हने, तुले कामावरून दूर केलं. खरं हाय का? खरं असन तर मी तुह्याजवळ रडत बसनार नाई. तू खोटा साहेब होऊन राह्यला असतास तर रडली असती.

एक इचारते. तुहं पेव खोटं होतं का? मले नाई वाटत. धान्याचं पेव सडलं म्हनून लोकायनं ज्वारी पेरनं सोडलं का? पेव चांगलंच होतं, त्याले दुसरं तोंड होतं, आन् ते तोंड कुठं हाय हे ज्याले ठावं होतं त्याले तू अडानी म्हनलास. एवढंच झालं. दोघायनं मिळून केलं. तू पन, ह्यायनं पन.

आता ते तोंडच सापडत नाई. परवापासून तुमच्या हापिसचे लोक लांब सळया घेऊन विहिरीचा तळ चाचपून राह्यले. वायू येते, पन कुठून ते समजत नाई, गाळ लय हाय. ते बुजवल्याबिगर खालचा वायू थांबनार नाई म्हनतात. एमआरओ साहेब दोनदा घरी येऊन गेले, ह्यायले म्हनले, जागा दाखवा. हे पारावर बसून राह्यतात, सुपारी कातरतात. मी काल भांडली. मंग त्यायनं माह्या हातातून हा कागद घेतला. खालच्या ओळी त्यायच्या हायेत. अक्षर वाकडं हाय, समजून घेजो.

तुही बाई,
देवका

विठ्ठलराव, बोर कुठं हाय ते मी कोन्या साहेबाले दाखवनार नाई. तुमालेच दाखवतो. झाकन उघडं हाय, वारा खेळून राह्यला, पन ह्या वक्ती दिव्यावर माहा भरोसा नाई. तुमी तुमची टीं टीं वाजनारी डबी घेऊन या. ती वाजाची बंद झाली असं तुमी म्हनलं की मी उतरतो. घरी उतरा, जेवाले या.
तुमचा अडानी भाऊजी,
महिपत